वायूसाठी कंट्रोल व्हॉल्व्हचे गणित: प्रवाह, दाबघट आणि चोक होण्याची सीमा

पाण्यासाठी कंट्रोल व्हॉल्व्ह निवडताना आधीचा आणि नंतरचा दाब यांतला फरक घ्यायचा, त्याचे वर्गमूळ काढायचे, सीव्ही (व्हॉल्व्हमधून किती प्रवाह जाऊ शकतो याचे माप) काढायचा आणि तक्त्यातून आकार उचलायचा, एवढ्यावर काम भागते. नेमक्या याच सवयीने वायूचा हिशेब केला की व्हॉल्व्ह लहान तरी पडतो किंवा नको इतका मोठा तरी घेतला जातो, आणि ती चूक प्रकल्प सुरू होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. वायूचा दाब घटतो तसा तो फुगतो, त्याची घनता कमी होते आणि वेग वाढत जातो. प्लग (वरखाली सरकणारा बूच) आणि सीट (तो जिच्यावर टेकतो ती कडा) यांच्यामधून निघालेला झोत थोडे पुढे जाऊन सर्वांत अरुंद होतो. या कंबरेपाशी वायूने ध्वनीचा वेग गाठला की पुढचा दाब आणखी कितीही उतरवला तरी प्रवाह वाढत नाही. या अवस्थेला व्हॉल्व्ह चोक होणे म्हणतात. म्हणून वायूच्या गणितात दाबातल्या फरकाइतकेच महत्त्व त्या फरकाच्या मूळ दाबाशी असलेल्या गुणोत्तराला आहे.

पुढे वापरलेली पद्धत आयईसी ६०५३४-२-१ या आंतरराष्ट्रीय मानकातली आहे. अमेरिकेतल्या आयएसए ७५.०१.०१ या मानकाची समीकरणेही तीच आहेत. पद्धत एका उदाहरणावर चालवून दाखवतो. पुणे परिसरातल्या एका कारखान्यात बॉयलरच्या बर्नरला नैसर्गिक वायू द्यायचा आहे. कमाल गरज ताशी १,२०० प्रमाण घनमीटर असून किमान गरज २०० आहे. पूर्ण प्रवाह चालू असताना व्हॉल्व्हच्या तोंडाशी ४ बार गेज (वातावरणाच्या दाबाहून जास्तीचा) दाब मिळतो आणि बर्नरच्या बाजूला १.५ बार गेज ठेवायचा आहे. तापमान ३० अंश सेल्सिअस.

माहिती गोळा करताना

चुका सूत्रात थोड्या होतात. बहुतेक इथेच होतात. पहिली बाब दाबाची. सूत्रात दाब निरपेक्ष, म्हणजे वातावरणाचा दाब मिळवलेला, लागतो, गेजवर दिसतो तो नव्हे, आणि गेज दाबात डोळे मिटून १.०१३ मिळवणेही बरोबर नाही. मुंबईत समुद्रसपाटीला ते ठीक आहे. पुणे मात्र सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तिथे वातावरणाचा दाब ०.९५ बारच्या आसपास असतो. आपल्या उदाहरणात म्हणूनच आधीचा दाब ४.९५ बार आणि नंतरचा २.४५ बार धरायचा. ४० बारच्या लाइनवर हा फरक नगण्य ठरतो, परंतु एक-दोन बारच्या बर्नर लाइनवर तो उत्तरात उतरतो.

दुसरी बाब दाब कुठला, ही. पुरवठादाराच्या मीटरवरचा दाब म्हणजे व्हॉल्व्हच्या फ्लँजवरचा दाब नव्हे. मध्ये फिल्टर आहे, मीटर आहे, दोन बंद करण्याचे व्हॉल्व्ह आहेत आणि पाइप आहे. पूर्ण प्रवाहात हे सगळे मिळून आपला वाटा खातात आणि प्रवाह कमी झाला की तोच दाब पुन्हा व्हॉल्व्हपाशी चढतो. आपल्या कारखान्यात वायू जवळजवळ वाहत नसताना व्हॉल्व्हच्या तोंडाशी ४.३ बार गेज दाब असतो. व्हॉल्व्हवर किती दाबघट होईल हे व्हॉल्व्ह ठरवत नाही, आधीची आणि नंतरची लाइन ठरवते. व्हॉल्व्ह फक्त उरलेला दाब खाऊन टाकतो. त्यामुळे कमाल, नेहमीचा आणि किमान अशा प्रत्येक प्रवाहासाठी दाबांची वेगळी जोडी मांडावी. डेटाशीटवर तिन्ही रकान्यांत तेच दाब उतरवलेले दिसले, तर ते कोणी मोजलेले नाहीत असे खुशाल समजावे.

तिसरी बाब घनमीटरची. भारतात वायूच्या बिलावरचा प्रमाण घनमीटर १५ अंश सेल्सिअस आणि १.०१३२५ बार या स्थितीतला असतो. नॉर्मल घनमीटर ० अंशावरचा असतो. दोन्हींत साडेपाच टक्क्यांचा फरक पडतो. हा गोंधळ कायमचा टाळायचा तर सगळे किलोग्रॅममध्ये आणावे. १५ अंशांना एक किलोमोल वायू २३.६४ घनमीटर जागा व्यापतो. आपल्या वायूचा रेणुभार १८ धरला तर प्रमाण घनता १८ भागिले २३.६४, म्हणजे ०.७६१ किलो प्रति घनमीटर येते, आणि १,२०० प्रमाण घनमीटर म्हणजे ताशी ९१४ किलो.

सूत्र आणि त्यातली अक्षरे

डब्ल्यू = २७.३ × सीव्ही × वाय × √(एक्स × पी१ × घनता१)

डब्ल्यू हा ताशी किलोमधला प्रवाह, पी१ हा व्हॉल्व्हच्या आधीचा निरपेक्ष दाब बारमध्ये आणि घनता१ ही त्याच ठिकाणची घनता, किलो प्रति घनमीटर. एक्स म्हणजे दाबघट भागिले पी१. उत्पादकाने सीव्हीऐवजी केव्ही दिला असेल तर २७.३ च्या जागी ३१.६ घालावे; केव्ही हा सीव्हीच्या ०.८६५ पट असतो. सीव्हीची व्याख्या एक पीएसआय दाबघटीला मिनिटाला किती अमेरिकी गॅलन पाणी जाते अशी, तर केव्हीची एक बार दाबघटीला ताशी किती घनमीटर पाणी जाते अशी आहे. वायूच्या व्हॉल्व्हवर पाण्याचा आकडा का, हा प्रश्न नवख्यांना पडतोच. उत्तर इतकेच की सीव्ही हे व्हॉल्व्हच्या आतल्या वाटेच्या मोकळेपणाचे माप आहे आणि वायूचा स्वभाव वाय व एक्स यांच्यामार्फत वेगळा हिशेबात येतो.

घनता१ = १२.०३ × पी१ × रेणुभार ÷ (झेड × तापमान), तापमान केल्विनमध्ये. झेड हा संपीड्यता गुणांक, म्हणजे वायू आदर्श वायूपासून किती ढळतो त्याचे माप. पाच बारला नैसर्गिक वायूसाठी तो ०.९९ च्या आसपास असतो. ४०–५० बारच्या लाइनवर मात्र तो गॅसच्या घटकांनुसार काढलाच पाहिजे.

वाय हा विस्तार गुणांक, म्हणजे वायू फुगल्यामुळे प्रवाहात होणारी घट:

वाय = १ − एक्स ÷ (३ × एफके × एक्सटी)

एफके म्हणजे वायूच्या विशिष्ट उष्मांचे गुणोत्तर भागिले १.४. हवा आणि नायट्रोजनसाठी तो १ येतो, नैसर्गिक वायूसाठी १.३ ÷ १.४ म्हणजे ०.९२९, आणि हेलियम-आर्गॉनसाठी १.१९ पर्यंत जातो. एक्सटी हा व्हॉल्व्हचा स्वतःचा आकडा आहे: हवा वाहत असताना एक्स कितीवर पोहोचला की हा व्हॉल्व्ह चोक होतो, ते तो सांगतो. एक्स हा एफके × एक्सटी एवढा झाला की वाय ०.६६७ वर येऊन थांबतो. त्यापुढे प्रत्यक्ष एक्स कितीही असला तरी सूत्रात एफके × एक्सटी हाच आकडा घालायचा असतो.

उदाहरणाचा हिशेब

दाबघट २.५ बार, म्हणून एक्स = २.५ ÷ ४.९५ = ०.५०५. प्लगच्या खालून वर प्रवाह जाणाऱ्या एकसीट ग्लोब व्हॉल्व्हचा एक्सटी ०.७२ धरू. एफके × एक्सटी = ०.६६९. एक्स त्याहून कमी आहे, म्हणजे व्हॉल्व्ह चोक झालेला नाही. वाय = १ − ०.५०५ ÷ २.००६ = ०.७४८. घनता१ = १२.०३ × ४.९५ × १८ ÷ (०.९९ × ३०३) = ३.५७. एक्स × पी१ म्हणजे दाबघटच, त्यामुळे वर्गमुळाखाली २.५ × ३.५७ = ८.९३ आणि त्याचे मूळ २.९९. एका सीव्हीमागे प्रवाह २७.३ × ०.७४८ × २.९९, म्हणजे ताशी सुमारे ६१ किलो. ९१४ भागिले ६१, म्हणून सीव्ही १५.

आता हाच हिशेब चुकवून पाहू. वाय विसरून पाण्यासारखे गणित केले तर सीव्ही ११.२ येतो, म्हणजे व्हॉल्व्ह चतुर्थांशाने लहान पडतो. निरपेक्ष दाबाऐवजी गेज दाब तसाच घातला तर एक्स फुगून ०.६२५ होतो, घनता घटते आणि सीव्ही १८ येतो. दोन्ही उत्तरे कागदावर सारखीच बिनचूक दिसतात.

एक्सटी बदलला की काय होते

ग्लोब व्हॉल्व्हच्या जागी स्वस्त आणि आटोपशीर म्हणून सेगमेंट बॉल (चेंडूच्या तुकड्याने वाट बंद करणारा) किंवा बटरफ्लाय (फिरत्या चकतीचा) व्हॉल्व्ह बसवण्याचा मोह सगळ्यांना होतो. मी स्वतः एकदा अशा बदलाला सही दिली होती: कागदावर सीव्ही तोच, लाइनचा आकार तोच, किंमत निम्मी. बर्नर पूर्ण भाराला जाईना. नियंत्रक शंभर टक्के उघडण्याचा इशारा देत होता, पोझिशनर (व्हॉल्व्हची स्थिती राखणारे उपकरण) पूर्ण उघडा दाखवत होता, आणि वायूचा दाब मात्र बर्नरकडे घसरत होता. ऑपरेटरने आधी फिल्टर साफ केला, मग मीटरवर संशय घेतला. सगळे जागेवर होते. चुकला होता तो माझा हिशेब, कारण मी सीव्ही पाहिला आणि एक्सटी पाहिला नाही.

सेगमेंट बॉलचा एक्सटी पूर्ण उघडाला सुमारे ०.३० असतो. वरच्याच उदाहरणात तो बसवला तर एफके × एक्सटी ०.२७९ होतो. आपला एक्स ०.५०५ आहे, म्हणजे व्हॉल्व्ह केव्हाच चोक झालेला आहे. सूत्रात आता एक्स = ०.२७९ आणि वाय = ०.६६७ घालायचे. एका सीव्हीमागे ताशी ४०.४ किलोच जातात. सीव्ही १५ चा व्हॉल्व्ह ६०७ किलो, म्हणजे ताशी जेमतेम ८०० प्रमाण घनमीटर देतो. १,२०० साठी सीव्ही २२.६ लागतो. बॉल आणि बटरफ्लाय यांची आतली वाट सरळ असल्याने झोताच्या कंबरेनंतर दाब पुष्कळसा परत सावरतो. त्यामुळे बाहेर दिसणारी दाबघट थोडी असली तरी कंबरेपाशी दाब फार खोल गेलेला असतो आणि ध्वनीचा वेग लवकर गाठला जातो. ग्लोब व्हॉल्व्हमधली वळणावळणाची वाट दाब परत सावरू देत नाही. पाण्याच्या पंपासमोर हा तिचा दोष ठरतो. इथे तो कामी येतो.

मानकातल्या नमुन्याच्या आकड्यांप्रमाणे ग्लोब व्हॉल्व्हमध्ये प्रवाह उघडण्याच्या दिशेने असेल तर एक्सटी ०.७२, बंद होण्याच्या दिशेने असेल तर ०.५५, आणि ७० अंशांपर्यंत उघडणाऱ्या साध्या बटरफ्लायचा ०.३५ असतो. हे आकडे पहिल्या अंदाजापुरते वापरावेत. बॉल आणि बटरफ्लायचा एक्सटी उघडानुसार बदलतो, कमी उघडाला तो वाढतो. म्हणून अंतिम हिशेबात आपल्या उघडाला उत्पादकाने दिलेला आकडा घ्यावा. फिशर या व्हॉल्व्ह उत्पादकाच्या जुन्या तक्त्यांत एक्सटीऐवजी सी१ हा आकडा सापडतो. त्याचा वर्ग करून १,६०० ने भागले की एक्सटी जवळपास मिळतो.

द्रवात व्हॉल्व्ह चोक झाला की बुडबुडे फुटून ट्रिम (प्लग, सीट हे आतले भाग) खाल्ला जातो. वायूत तसे काही होत नाही. चोक झालेला वायूचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे सुखाने चालू शकतो, फक्त तो आवाज फार करतो आणि पुढच्या दाबाला दाद देत नाही.

उलटा हिशेब: व्हॉल्व्ह आहे, दाबघट किती?

कित्येकदा व्हॉल्व्ह लाइनवर आधीच बसलेला असतो आणि विचारायचे असते ते एवढेच, की पूर्ण उघडला तर दाब किती जाईल. इथे अडचण अशी की दाबघट काढायला वाय हवा आणि वाय काढायला दाबघट हवी. सूत्र असे मांडावे:

एक्स × वाय² = (डब्ल्यू ÷ (२७.३ × सीव्ही))² ÷ (पी१ × घनता१)

समजा आपण सीव्ही २८ चा ४० मिमी ग्लोब व्हॉल्व्ह घेतला आणि तो पूर्ण उघडा आहे. उजवी बाजू ०.०८०८ येते. वाय १ धरला तर एक्स ०.०८०८. त्यावरून वाय ०.९६० आणि सुधारलेला एक्स ०.०८७७. पुन्हा वाय ०.९५६ आणि एक्स ०.०८८३. आणखी एकदा केले तरी तिसऱ्या दशांशानंतरच काय तो फरक पडतो. दाबघट ०.०८८ × ४.९५, म्हणजे ०.४४ बार. चोकच्या सीमेजवळ हे फेरे हळूहळू जुळतात, पण जुळतात. फेरे सुरू करण्याआधी उजवी बाजू एफके × एक्सटी × ०.४४४ शी, म्हणजे आपल्या व्हॉल्व्हसाठी ०.२९७ शी ताडून पाहावी. ती त्याहून मोठी असेल तर तो व्हॉल्व्ह तेवढा प्रवाह कोणत्याही दाबघटीला देऊ शकणार नाही आणि पुढचे फेरे व्यर्थ आहेत.

आकार निवडताना

सीव्ही १५ साठी २८ चा व्हॉल्व्ह ठीक आहे का, हे उघडावरून ठरवावे. समप्रमाण वैशिष्ट्याच्या (उघड सारखा वाढवला की सीव्ही दर वेळी त्याच पटीने वाढतो), ५० पट व्याप्तीच्या (कमाल सीव्ही किमानच्या ५० पट) ट्रिमसाठी उघड = १ + एलएन(१५ ÷ २८) ÷ एलएन(५०), म्हणजे ८४ टक्के; एलएन म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम. किमान प्रवाहासाठी आधीचा दाब ४.३ बार गेज घेऊन तोच हिशेब केला की सीव्ही २.३ आणि उघड ३६ टक्के येतो. दोन्ही टोके सांभाळली जातात. ८४ टक्के हे थोडे वर आहे हे मान्य. तरीही "थोडा मोठा असू दे" म्हणून ५० मिमीकडे जाण्याआधी किमान प्रवाहाचा उघड अवश्य पाहावा, कारण व्हॉल्व्ह सीटजवळ थरथरत चालला तर बर्नरची ज्योत त्याच्याबरोबर थरथरते.

व्हॉल्व्ह ४० मिमी आणि लाइन ८० मिमी असेल तर दोन्ही बाजूंच्या रिड्यूसरचा (पाइपचा आकार बदलणाऱ्या जोडाचा) तोटा येतो. सीव्ही १५ ला तो दोन टक्क्यांच्या आत राहतो, परंतु पूर्ण उघडाला, सीव्ही २८ ला, साडेपाच टक्क्यांवर जातो. ग्लोब व्हॉल्व्हमध्ये ही बाब दुय्यम आहे. मोठ्या सीव्हीच्या बॉल किंवा बटरफ्लायमध्ये ती सोडून चालत नाही, आणि तिथे रिड्यूसरसह येणारा एक्सटीही वेगळा घ्यावा लागतो.

बाहेर पडतानाचा वेगही तपासावा. २.४५ बारला आपले १,२०० प्रमाण घनमीटर प्रत्यक्षात ताशी ५२२ घनमीटर होतात. ४० मिमीच्या तोंडातून त्यांचा वेग सेकंदाला ११५ मीटर येतो. या वायूत ध्वनीचा वेग सुमारे ४२६ मीटर आहे, म्हणजे आपण त्याच्या २७ टक्क्यांवर आहोत. ३० टक्क्यांची मर्यादा बहुतेक जण पाळतात. पुढच्या ८० मिमी पाइपमध्ये वेग २९ मीटरवर उतरतो. आवाजाचा अंदाज आयईसी ६०५३४-८-३ ने उत्पादकाकडूनच मागवावा. एक मीटर अंतरावर ८५ डेसिबलच्या वर आकडा आला तर वेगळा ट्रिम घ्यावा लागेल. तापमानाची काळजी इथे नाही. नैसर्गिक वायू दर बार दाबघटीला साधारण अर्धा अंश थंड होतो, म्हणजे आपल्याकडे एक-सव्वा अंश. ३०–४० बार उतरवणाऱ्या स्टेशनवर मात्र तोच हिशेब १५–२० अंशांवर जातो आणि तिथे हीटर लागतो.

शेवटचा हिशेब व्हॉल्व्ह बिघडण्याचा, आणि तोच सर्वांत जास्त वेळा राहून जातो. ॲक्च्युएटर (व्हॉल्व्ह हलवणारी यंत्रणा) अडकून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा राहिला तर पुढच्या सेफ्टी व्हॉल्व्हला तो सगळा वायू सोडता आला पाहिजे. इथे सीव्ही १५ घ्यायचा नाही; पूर्ण २८ घ्यायचा, आणि आधीचा दाबही कमाल, म्हणजे ४.३ बार गेज. सेफ्टी व्हॉल्व्ह २ बार गेजला लावला असेल तर दहा टक्के चढ धरून नंतरचा दाब २.२ गेज, निरपेक्ष ३.१५. एक्स ०.४०, वाय ०.८०, घनता ३.७९, आणि प्रवाह ताशी १,७२६ किलो, म्हणजे सुमारे २,२७० प्रमाण घनमीटर. बर्नरच्या गरजेच्या जवळजवळ दुप्पट. सेफ्टी व्हॉल्व्हच्या डेटाशीटवर आवश्यक क्षमता म्हणून हा आकडा लिहावा. कंट्रोल व्हॉल्व्हला बायपास असेल आणि तो उघडा राहण्याची शक्यता असेल, तर बायपासच्या व्हॉल्व्हचा सीव्ही २८ मध्ये मिळवून हाच हिशेब पुन्हा करावा.